चप्पल आत, चांभार बाहेर

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन घराण्याने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी वळणाच्या चपला मॉडेलांच्या पायांत घातल्या आणि त्यांना नुसते ‘चामड्याचे सँडल’ म्हटले. महाराष्ट्रात संताप उसळला, तेव्हा कुठे त्यांनी उगम मान्य केला. याच घराण्याच्या न्यूयॉर्कमधील दुकानात डिसेंबर २०१८ मध्ये काळ्या माणसांचे विडंबन करणाऱ्या बाहुल्या मांडलेल्या होत्या. बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये वैविध्य आणि समावेशनासाठी सल्लागार मंडळ नेमले गेले. मंडळ असूनही सहा वर्षांनी चपलेचा धनी त्यांना दिसला नाही.

पण प्राडाला झोडपणे सोपे आहे. तपासायला हवी ती आपल्याकडील संतापाची भाषा. ‘कोल्हापूरची शान’, ‘मराठी अस्मिता’, ‘आपला वारसा’ आणि ‘कारागीर’. हा ‘कारागीर’ शब्द मोठा सोयीचा! बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावतो तो ढोर, चप्पल बांधतो तो चांभार, वेणी घालते ती त्याच्या घरची बाई. ‘कारागीर’ म्हटले की यांची जात पुसली जाते आणि चप्पल साऱ्या महाराष्ट्राची होते. कातड्याला हात लावणाऱ्याचा विटाळ मानला, चप्पल मात्र लग्नात मिरवली. २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, कातडे मिळणे अवघड झाले, तेव्हा हा वारसा कोणाला आठवला?

उच्च न्यायालयात याचिका घेऊन गेले ते वकील. जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली, कारण भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक ते नव्हेत. मालक आहेत दोन सरकारी महामंडळे: महाराष्ट्राचे संत रोहिदासांच्या नावाचे, कर्नाटकाचे बाबू जगजीवनरामांच्या. नावे आमची, सही साहेबांची. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने करार केला तो यांच्याशीच. दोन हजार जोड, जोडामागे सुमारे ८०० युरो, शिवाय प्रशिक्षण.

प्रशिक्षण कशाचे? रापी धरायला बापाने शिकवलेच आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले. चांभाराच्या मुलाने रापी धरावी की टाकावी, हे त्याचे त्याने ठरवायचे; ‘वारशा’चे गोडवे गाणाऱ्यांनी नव्हे. धरलीच, तर किंमत ठरवणे, आराखडा काढणे, मालावर स्वतःचे नाव घालणे हे त्याला कोण शिकवणार? काहींना इटलीतील प्राडाच्या अकादमीत थोडे दिवस धाडणार आहेत म्हणे. तेथून परतून त्याने आडनावासकट पाटी लावायची म्हटली, तर आपल्या शहरांतल्या मोठ्या पेठांत त्याला गाळा कोण देतो ते पाहायचे आहे.