नाक्यावर उतरवलेला माल

पिक्चर, गाणी आणि चित्रांच्या पुस्तकांवर लिहितोय म्हटल्यावर रिंगफ्रेमवरचा माझा जोडीदार हसला. म्हणाला, "कवी ना तू? मंग कवितेवर लिही. पिक्चरवर काय लिहितं कुणी?"

लिहायलाच पाहिजे, दोस्त. माझ्या घरात पुस्तक फार उशिरा शिरलं. त्याच्या आधी गाणं आलं, गाण्यामागून पिक्चर आला. सूतगिरणीत बारा तास उभं राहणाऱ्याचं डोकं ह्याच मालानं भरलेलं असतं. तो तपासायचा नाही, तर मग तपासायचं काय?

आमच्या गावाच्या नावातच नाका आहे. कनेरगाव नाका. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य इथं संपायचं, पुढं वाशीमकडं वऱ्हाड लागायचं. हद्दीवर गाडी थांबायची, माल उतरवून बघितला जायचा. माझी समीक्षा एवढीच. विद्यापीठातली नाही, नाक्यावरची. डोक्यात शिरणाऱ्या मालाला थांबवायचं आणि विचारायचं : ह्यात माझा माणूस कुठाय? तो काय करतोय?

पहिला माल वेताळ. मामानं बाजारातल्या रद्दीतून इंद्रजाल कॉमिक्स आणली होती. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी ती १९६४ ते १९९० काढली, मराठीतही काढली. म्हंजे माझ्या जन्माआधीच बंद पडलेला माल. आमच्याकडं वस्तू अशाच उशिरा येतात. मी ती पुस्तकं फाटेस्तोवर वाचली. जंगल काळ्या माणसांचं, पण कवटीच्या सिंहासनावर गोरा. तो एकविसावा वेताळ. बाप मेला की पोरगा गादीवर. विषारी बाण मारण्यात तरबेज असलेली ती बुटकी माणसं स्वतःचं राखण मात्र करत नाहीत. ती ढोल वाजवून निरोप पोचवतात. राखणदार पिढीजात, राखलेलेही पिढीजात. ही व्यवस्था अमेरिकेतल्या ली फॉकनं १९३६ साली कागदावर आणली. आमच्याकडं ती कागदाशिवायही चालू होती.

आणि वाचताना मी कोण होत होतो? वेताळ. एकदाही ढोलवाला झालो नाही. परवा भाच्यानं हिरो काढला आणि तोंड रंगवायला गुलाबी खडू घेतला. म्हणाला, "मामा, हा अंगाचा कलर हाय." मी त्याचा हात त्या खडूशेजारी धरला. तो गप्प झाला. खडू मात्र बदलला नाही.

दुसरा माल १९७५चा 'दीवार'. हा बापाचा जीव की प्राण. बाप हमाल, पडद्यावरचा विजयही गोदीतला हमाल, दंडाला ७८६चा बिल्ला. लहानपणी बूटपॉलिश करताना फेकलेला पैसा तो उचलत नाही. त्या सीनला बाप दर वेळी ताठ बसायचा. मी एकदा म्हणालो, "बाबा, ह्याचं आडनाव वर्मा हाय. आपल्याकडं जोडे घेऊन कोण बसतं?" पिक्चरनं भूक दाखवली, हप्ता उकळणारे गुंड दाखवले, जात तेवढी गाळली. बाप म्हणाला, "असू दे ना बा. ताठ तर उभा राह्यला." ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. माल खोटा असला तरी बापाचा कणा त्यानं काही वेळ सरळ केला, हेही नाक्यावर लिहून ठेवलं पाहिजे.

मग नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३). डुकरामागं पळताना जब्याचं घर गावाच्या चेष्टेचा विषय होतं. पडद्यावरचं गाव हसतं. खरं सांगतो, मीही हसलो. मग ते डुक्कर बांधून नेताना मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई दिसतात, आणि हसू घशात अडकतं. शेवटी जब्या दगड मारतो तो थेट आपल्याकडं. तो दगड फक्त सवर्णांना आहे असं म्हणून सुटता येत नाही. जो हसला त्याला तो लागला.

'सैराट' (२०१६) आला तेव्हा मी शाळा सोडलेली. झिंगाटवर वरातीत नाचलो. पण त्या पिक्चरचा शेवट आठवा : अजय-अतुलचं एवढं संगीत, आणि शेवटी काहीच नाही. मूल चालतंय आणि रक्ताची पावलं उमटताहेत. नाक्यावरच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून घेतलं. त्यात गाणी आली, ती शांतता आली नाही. पिक्चरमधलं आपल्याला पचणारं तेवढंच आपण उचलतो. हा दोष पिक्चरवाल्याचा नाही, आपला आहे.

आता घरचा माल. सिनेमाच्या चाली घेऊन आपले शब्द बसवणं ही आपल्या गायनपार्ट्यांची जुनी रीत. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) वयात आल्यावर अक्षरं शिकले आणि गावोगाव गात हिंडले. चाल कुठलीही असो, शब्द कानात पडायचा आणि माणूस विचार करत घरी जायचा. आज १४ एप्रिलला डीजेपुढं छाती धडधडते, शब्द कळत नाही. कळतो तिथं काय असतं? एकटा, अजिंक्य, आम्हाला वाचवणारा पुरुष. म्हंजे आपण बाबासाहेबांचाच वेताळ केला की! आणि आपण पुन्हा ढोल वाजवणारे. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बाबासाहेबांनीच बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. ते भाषण मेमरी कार्डात कुणी भरून मागत नाही.

शेवटचा माल 'भीमायन' (२०११). दुर्गाबाई आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांची गोष्ट काढली. मला इंग्रजी अडतं, म्हणून मी चित्रंच वाचली. त्यात कॉमिकच्या चौकोनी चौकटी नाहीत. माणसांना डब्यात कोंबायचं नाही, असं त्या दोघांचं म्हणणं. भल्या माणसाचं बोलणं पाखराच्या आकारात, जातीचं विष ओकणारं बोलणं विंचवाच्या नांगीत. इथं बाबासाहेब सिंहासनावर नाहीत. तहानलेलं पोरगं आहे, आणि त्याच्याभोवती पाणी, झाडं, माणसांची गर्दी.

हे पुस्तक आणि तपकिरी खडू मी भाच्यापुढं ठेवणार आहे. घेईल, न घेईल.

आणि येत्या १४ एप्रिलला मंडळाला सांगणार आहे : एका गाण्यापुरता डीजे बंद करा. वामनदादांचं एक गाणं तोंडानं म्हणू, प्रत्येक शब्द ऐकू जाईल असं. कुणी पुढं नाही आलं तर मी म्हणेन. गिरणीतल्या कापसानं माझा आवाज फाटलाय. तरी म्हणेन.