सल्ला कुणी कुणाला द्यायचा? : 'जामखेड' वाचताना

ख्रिस्ती सेवाकार्य म्हटलं की आपल्या जळगाव-धुळ्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, 'हे सगळं धर्मांतरासाठी.' दुसरी, 'काय देवमाणसं आहेत!' दोन्हींत सोय अशी की प्रत्यक्ष काम बघावंच लागत नाही. म्हणून आज आम्ही एक पुस्तक समोर ठेवतो : डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांचं १९९४ सालचं इंग्रजी पुस्तक, 'जामखेड'.

आरोळे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेलं. श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही. नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की बरा करून घरी पाठवलेला रोगी त्याच दुखण्यानं परत येतो. दुखण्याचं मूळ पाण्यात, भुकेत, जातीत आणि बाईच्या घरातल्या स्थानात होतं. १९७० साली ते जामखेडला आले. आधी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. मग गावांनीच आपल्यातली एकेक बाई निवडली. पुष्कळ जणी निरक्षर, कित्येक दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावात जाऊन बाळंतपणं, मुलांचं खाणंपिणं, आजारपणं बघत.

इथे तत्त्वज्ञानाचा मुद्दा येतो, बरं का. 'समुपदेशन' हा शब्द खेड्यात कुणी वापरत नाही. तिथली बाई म्हणेल, मन मोकळं केलं. आता मन मोकळं कुणाजवळ होतं? ज्याला आपल्या घरातली चूल आणि भांडण दोन्ही ठाऊक आहेत, त्याच्याजवळ. बायबलात ईयोबाची कथा आहे. सर्वस्व गेलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द न बोलता. पुढे त्यांनी तोंड उघडलं, त्याच्या दुःखाचं कारण त्याच्याच पापात शोधू लागले, आणि शेवटी देवाचा राग या सल्लागारांवरच झाला. पाद्री असो की आमच्यासारखा प्राध्यापक, सल्ला देणाऱ्यानं ही कथा विसरू नये. जामखेडनं सल्ल्याचा अधिकार शेजारणीच्या हाती दिला, हे आम्हाला त्या कामाचं सर्वांत मोठं यश वाटतं.

मात्र पुस्तकावर आमचा एक आक्षेप आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले, साने गुरुजींनी ते लिहून घेतलं, आणि 'गीता प्रवचने' विनोबांच्या नावानं आली. बोलणाऱ्याचं नाव पुस्तकावर राहिलं. 'जामखेड'मध्ये गावच्या बायांच्या कहाण्या आहेत, पण लेखणी आणि नाव डॉक्टरांचं. हेतूत खोट नाही. दोघांचा आदर त्यात पानोपानी दिसतो. तरी कामात जो अधिकार शेजारणीला मिळाला, तो पुस्तकात अर्धाच मिळाला, असं म्हणावं लागतं.

आता हे आपल्याला कशासाठी? कारण आपल्या भागात कापसाचा भाव पडतो, कर्ज थकतं, आणि शेतकरी खचला की आपण म्हणतो, त्याला समुपदेशन हवं. हवंच. जीव वाचवायला बोलणारं माणूस लागतं. पण नुसतं 'खंबीर राहा' म्हणून उठून जाणं म्हणजे ईयोबाच्या मित्रांचीच चूक. कर्जाचा हिशोब कुठे चुकला ते विचारायचंच नाही आणि दोष त्याच्या मनावर टाकायचा! उलट बाजूही तितकीच खोटी. रस्ता झाला, टाकी झाली, पण त्या घरातली सून का बोलत नाही, हे कुणी विचारलंच नाही, तर त्याला विकास कसं म्हणायचं?

आफ्रिकेतले, आशियातले कार्यकर्ते जामखेडला शिकायला आले. २००५ नंतर आपल्या गावोगावी आलेली 'आशा' ताई हीसुद्धा त्याच विचाराच्या नात्यातली. तिच्याकडून आपण माहिती भरून घेतो, आकडे मागतो. तिनं घरोघरी जे ऐकलं, ते तिला विचारणारं कोण आहे? जामखेडचं कौतुक करायचं असेल, तर सुरुवात तिथून करू या. एवढंच आज सांगायचं होतं.