'एक्झिक्युशन डेट' : एका संज्ञेची चिकित्सा

वितरित माहितीप्रक्रियेतील आवर्ती कामांचे नियोजन करणारी 'एअरफ्लो' ही प्रणाली २०१४ मध्ये 'एअरबीएनबी'त निर्माण झाली. तिच्यातील 'एक्झिक्युशन डेट' ही संज्ञा मात्र सदोष होती. दैनंदिन कामावर १ तारखेची नोंद असली, तरी ते तो दिवस संपल्यावर, म्हणजे २ तारखेस सुरू होई. ही रचना तर्कशुद्धच होती. कारण दिवस सरल्याविना त्याची माहिती पूर्ण होत नाही. दोष होता तो नावाचा. नावावर विसंबणारा वापरकर्ता भलत्याच दिवसाची माहिती वाचण्याचा संभव होता. २०२१ मधील २.२ या आवृत्तीने 'लॉजिकल डेट' व 'डेटा इंटरव्हल' या संज्ञा स्वीकारल्या. पैकी पहिली संदिग्धच राहिली. दुसरीने मात्र कालखंडाचा आरंभ व शेवट स्पष्ट केला. सारांश, परिभाषा हाही प्रणालीच्या रचनेचाच भाग होय.