पहिल्या शॉटमधलं तळं

स्टॅनली कुब्रिकचा ‘द शायनिंग’ (१९८०) म्हटलं की कुणाला लिफ्टमधून वाहणारं रक्त आठवतं, कुणाला कॉरिडॉरमध्ये हातात हात घालून उभ्या असलेल्या दोन मुली, तर कुणाला कुऱ्हाडीनं फोडलेल्या दारातून डोकावणारा जॅक निकल्सन. मीम्सच्या कृपेनं सिनेमा न पाहिलेल्यांनाही हे सगळं पाठ आहे. मला मात्र या सिनेमातला सगळ्यात अस्वस्थ करणारा शॉट पहिलाच वाटतो. त्यात रक्त नाही, भूत नाही, माणूसही नाही. फक्त एक तळं आहे.

कॅमेरा पाण्यावरून सरकत जातो. मधोमध एक इवलंसं बेट, त्यावर सूचिपर्णी झाडं. चहूबाजूंनी डोंगर आणि त्यांचं पाण्यात पडलेलं प्रतिबिंब. मग रस्ता लागतो आणि त्यावर मुंगीएवढी पिवळी फोक्सवॅगन. मागे वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांचं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्याचा आधार ‘दीएस इरे’ ही मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनेतली जुनी धून. अजून काहीच घडलेलं नसतं, तरी आपण आवंढा गिळतो.

गोष्ट थोडक्यात अशी. होतकरू लेखक जॅक हा बायको वेंडी आणि लहानग्या डॅनीला घेऊन डोंगरातल्या ‘ओव्हरलुक’ नावाच्या हॉटेलात येतो. हिवाळ्यात हॉटेल बंद असतं, तेव्हा त्यानं राखणदारी करायची. बर्फ पडतं, रस्ता बंद होतो, आणि जॅकचं डोकं हळूहळू फिरत जातं.

हे हॉटेल म्हणजे एक जोडकाम आहे. मूळ कादंबरीची कल्पना स्टीफन किंगला सुचली ती कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क इथल्या स्टॅनली हॉटेलात, १९७४च्या मुक्कामात. सिनेमात बाहेरून दिसतो तो ओरेगनमधल्या माउंट हुडवरचा टिंबरलाइन लॉज. आतला भव्य दिवाणखाना योसेमिटीतल्या अहवानी हॉटेलच्या धर्तीवर इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभारलेला. आणि ते पहिलं तळं आहे मोंटाना राज्यातलं, ग्लेशियर नॅशनल पार्कमधलं सेंट मेरी लेक. कथा हॉटेलात पोहोचली की ते तळं पुन्हा दिसत नाही. म्हणजे आपल्याला ‘लेक व्ह्यू’ दाखवून आत घेतलं जातं आणि पाठीमागे दार लावून घेतलं जातं.

आता एक गंमत. या सुरुवातीसाठी हेलिकॉप्टरमधून शूट केलेलं बरंचसं फुटेज वापरलं गेलं नाही. दोन वर्षांनी रिडली स्कॉट ‘ब्लेड रनर’ पूर्ण करत होता. स्टुडिओला शेवट गोड हवा होता. स्कॉटनं कुब्रिककडून हे उरलेलं फुटेज मागून घेतलं. १९८२मध्ये थिएटरात लागलेल्या ‘ब्लेड रनर’च्या शेवटी नायक-नायिका काळवंडलेल्या, पावसानं भिजलेल्या शहरातून सुटून हिरव्या डोंगरांतून गाडीनं जातात. ते डोंगर म्हणजे कुब्रिकचं उरलेलं रीळ. १९९२च्या ‘डिरेक्टर्स कट’मध्ये हा शेवट काढून टाकला गेला, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे एकाच वेळी, एकाच कामासाठी घेतलेली ही दृश्यं. एका सिनेमात ती नरकाची वाट आहेत, दुसऱ्यात सुटकेची. डोंगर बदलले नाहीत, फक्त पार्श्वसंगीत बदललं.

हे वाचल्यावर ‘सिनेमाची जादू’ म्हणून सोडून देता येईल. मला तसं सोडवत नाही. एखाद्या जागेला आपण वाटेल तो अर्थ कधी देऊ शकतो? ती जागा आपल्याला रिकामी दिसते, तेव्हाच. माणसांनी गजबजलेल्या बाजाराच्या दृश्यावर असं कुठलंही संगीत चालणार नाही. तिथली माणसं स्वतःचं काहीतरी बोलतच असतात. सेंट मेरी लेक बोलत नाही, कारण त्या शॉटमध्ये बोलायला कुणी नाही. आणि तिथं कुणी नसणं हे निसर्गाचं काम नव्हे. त्याला इतिहास आहे, तारखा आहेत, किंमतही आहे.

हा मुलूख ब्लॅकफीट लोकांचा. बायसनचे कळप संपवले गेले आणि १८८३-८४च्या हिवाळ्यात त्यांच्यातले शेकडो लोक उपासमारीनं मेले. १८९५मध्ये अमेरिकी सरकारनं त्यांच्याकडून डोंगरांचा पट्टा १५ लाख डॉलरला घेतला. आज पार्कचा पूर्वेकडचा भाग आहे तो हाच. सेंट मेरी लेक त्यातच येतं. सरकारचा डोळा तांब्या-सोन्यावर होता. करारात ब्लॅकफीटांनी एक गोष्ट राखून ठेवली होती: जमीन सरकारी आहे तोवर तिथं शिकार, मासेमारी आणि लाकूडतोड करण्याचा हक्क. खाणींतून फारसं काही निघालं नाही. मग १९१०मध्ये तिथं नॅशनल पार्क झालं आणि ते हक्क पार्कच्या हद्दीत नाकारले गेले. खनिज नाही मिळालं, तेव्हा देखावा विकायला काढला.

विकणारी कंपनी होती ग्रेट नॉर्दर्न रेल्वे. तिनं पार्कात आणि पार्काच्या वेशीवर हॉटेलं बांधली. त्यातलं मेनी ग्लेशियर हॉटेल १९१५मध्ये उघडलं. ते आजही चालू आहे: स्विफ्टकरंट लेकच्या अगदी काठावर, स्वित्झर्लंडमधल्या लाकडी घरांच्या थाटात. बाल्कनीत उभं राहिलं की समोर पाणी, पाण्यापलीकडे सुळके. स्विस वाटेल असं हॉटेल बांधायचं म्हणजे युरोपला जाणारा पैसेवाला पाहुणा देशातच थांबेल, हा हिशेब.

आणि ब्लॅकफीट? रेल्वेनं त्यांना जाहिरातीत घेतलं. त्यांची चित्रं कॅलेंडरवर छापली. पार्काच्या वेशीवरच्या हॉटेलसमोर हिरवळीवर त्यांचे तंबू ठोकले, आगगाडीनं येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागताला त्यांना पारंपरिक पोशाखात उभं केलं. ज्या डोंगरात त्यांना शिकार करायला मनाई, त्याच डोंगराच्या पायथ्याशी त्यांना सजावट म्हणून मान. वर डोंगर ‘निर्मनुष्य’, खाली हिरवळीवर माणसं.

कुब्रिकला हा सगळा इतिहास किती ठाऊक होता यावर माझा युक्तिवाद अवलंबून नाही. पडद्यावर काय आहे ते पाहू. हॉटेलचा मॅनेजर अल्मन वेंडीला दिवाणखाना दाखवताना सांगतो की इथल्या नक्ष्या मुख्यतः नावाहो आणि अपाची लोकांच्या आहेत. बाहेर पडल्यावर बोलता बोलता सांगतो की हॉटेल १९०७ ते १९०९मध्ये बांधलं; ही जागा म्हणे इंडियन लोकांची दफनभूमी होती, बांधताना त्यांचे काही हल्लेही परतवावे लागले. एवढं सांगून तो पुढच्या विषयाकडे वळतो. वेंडीही वळते. माणसं जमिनीखाली, त्यांची नक्षी भिंतीवर, आणि या दोन वाक्यांमध्ये एक हसरा मॅनेजर. भुतांपेक्षा या माणसाचं सराईत हसू मला जास्त भीतिदायक वाटतं.

हा धागा आधी पकडला तो बिल ब्लेकमोर या अमेरिकी पत्रकारानं. त्यानं १९८७मध्ये लिहिलं की ‘शायनिंग’ हा मुळात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कत्तलीविषयीचा सिनेमा आहे. कोठीघरातल्या बेकिंग पावडरच्या डब्यांवर असलेलं इंडियन माणसाचं चित्र हा त्याचा एक पुरावा. पुढे ‘रूम २३७’ (२०१२) या माहितीपटात हे डबे गाजले आणि सिनेमात गुप्त खुणा शोधणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. ब्लेकमोरचं मूळ म्हणणं मला पटतं. पण डबे शोधायला कोठीत शिरायची गरज नाही. पुरावा पहिल्याच शॉटमध्ये, उघड्यावर पडलेला आहे.

इथंच माझी सिनेमाबद्दलची तक्रारही सुरू होते. ‘शायनिंग’ला रिकाम्या केलेल्या जागेची भीती नेमकी कळते, पण त्या जागेची माणसं त्याला फक्त मेलेली हवी आहेत. ती दफनभूमीत आहेत, नक्षीत आहेत, डब्यावर आहेत. प्रत्यक्षात ब्लॅकफीट कुठं गेलेले नाहीत. त्यांचं रिझर्व्हेशन पार्काला लागूनच आहे; सेंट मेरी लेकपासून गाडीनं थोडं गेलं की त्यांची गावं, शाळा, दुकानं लागतात. कॅमेरा थोडा पूर्वेकडे वळला असता तर ते दिसलं असतं. मग ती जागा इतकी सोयीची भीतिदायक राहिली नसती, आणि ‘ब्लेड रनर’ला तितकी सोयीची सुंदरही वाटली नसती. रेल्वेच्या जाहिरातीनं जे केलं तेच हेलिकॉप्टरनं केलं: चौकट अशी धरली की माणूस बाहेर राहील.

पण सिनेमा त्याच्या दिग्दर्शकाच्या चौकटीपेक्षा कधी कधी शहाणा निघतो. एक गोष्ट पाहा. डोंगराच्या कुशीत हिवाळाभर राहायला आलेलं हे कुटुंब एकदाही डोंगरात भटकायला जात नाही. रान त्यांना मिळतं ते हॉटेलच्या अंगणात, कातरलेल्या झुडपांच्या भूलभुलैयाच्या रूपात. किंगच्या कादंबरीत हा भूलभुलैया नाही, तिथं प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आहेत, बदल सिनेमाचा. हा भूलभुलैया दोन तऱ्हांनी दिसतो. वेंडी आणि डॅनी त्यात पायी फिरतात, चुकतात, हसतात, पुन्हा वळतात. त्याच वेळी जॅक हॉटेलात ठेवलेल्या त्याच्या छोट्या प्रतिकृतीवर वाकून पाहतो. कॅमेरा थेट वरून खाली बघतो आणि मधोमध आई-मुलगा किड्यांएवढे हलताना दिसतात.

शेवटी बर्फात पाठलाग होतो. वरून पाहणारा जॅक आत हरवतो आणि गोठून मरतो. पायी फिरलेला डॅनी आपल्याच पावलांवर उलटी पावलं टाकत बाहेर पडतो. पहिल्या शॉटमध्ये वरून पाहणारी नजर आपली होती. शेवटी सिनेमा तिला सांगतो की या नजरेला वाट सापडत नाही.

हे सगळं मला इतकं लागलं त्याचं कारण माझा फोन आहे. पावसाळा आला की माझ्या फीडवर भंडारदऱ्याची ड्रोन रील्स सुरू होतात. पाण्यावरून सरकणारा तोच कॅमेरा, चहूबाजूंनी डोंगर, एका कोपऱ्यात तंबू, खाली ‘अनटच्ड’ किंवा ‘हिडन जेम’. एकाच जलाशयावर कधी बासरी वाजते, कधी भुताच्या गोष्टीचा ऑडिओ. ‘शायनिंग’ आणि ‘ब्लेड रनर’ रोज माझ्या तळहातावर लागतात. कुब्रिकच्या शॉटच्या काही प्रतींमध्ये खाली हेलिकॉप्टरची सावली दिसते. रील्समध्ये कधी कधी ड्रोनचीही दिसते.

गेल्या वर्षी भंडारदऱ्याला जलाशयाकाठच्या एका हॉटेलात दोन रात्री राहिले. खोलीच्या जाहिरातीत ‘लेक’ होतं. ते मुळात धरणाचं पाणी. प्रवरेवरचं हे धरण १९२६मध्ये पुरं झालं आणि त्याचं पाणी खाली दूरवरच्या उसापर्यंत जातं. पहिला दिवस बाल्कनीत गेला. जे रीलमध्ये पाहिलं होतं तेच दिसत होतं. दुसऱ्या दिवशी रतनवाडीच्या बाजूला एका वाटाड्या दादांबरोबर चालले, आणि दृश्याचे तुकडे व्हायला लागले. बाल्कनीतून ‘हिरवा डोंगर’ दिसला होता, त्याच्या प्रत्येक सोंडेला आणि ओढ्याला दादांकडे नाव होतं. हिरडा कुठल्या झाडांचा गोळा करायचा, कुठल्या झाडाला कुणाच्या आजोबांनी हात लावू दिला नव्हता, गुरं कुठल्या वाटेनं वर जातात, हे ते सांगत होते. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि त्यात गावं आहेत, महादेव कोळी समाजाची घरं आहेत. मी विचारलं, रील्समध्ये गाव का दिसत नाही हो? दादा म्हणाले, “पत्रे चमकतात ना ताई, मग ते लोक कॅमेरा वळवतात.”

चकाकणारे पत्रे व्ह्यू बिघडवतात, हे मॅनेजर अल्मनलाही पटलं असतं.

पर्यटन वाईट, हॉटेलं बंद करा, असं मला म्हणायचं नाही. त्या दादांचं घर पाहुण्यांवरही चालतं. मेनी ग्लेशियरला राहणारे पाहुणेही नुसते बाल्कनीत बसत नाहीत. ग्रिनेल ग्लेशियरच्या वाटेवर अस्वलाला चाहूल लागावी म्हणून मोठ्यानं बोलत, टाळ्या वाजवत चालतात. त्या टाळीत एक कबुली असते: इथं माझ्याआधी कुणीतरी आहे, मी न विचारता आत आले आहे. (ग्रिनेल हे नाव मात्र १८९५च्या कराराची बोलणी करणाऱ्या सरकारी प्रतिनिधींपैकी एकाचं आहे. चालतानाही हे विसरू नये.) बाल्कनीतल्या नजरेत ही कबुली नसते. तिला जागा रिकामीच हवी असते.

म्हणून ‘द शायनिंग’ हा मला मोठा आणि अर्धा सिनेमा वाटतो. रिकाम्या देखाव्याला भ्यावं हे त्यानं शिकवलं. तो देखावा रिकामा नाही, हे दाखवणं मात्र त्याला जमलं नाही. ते आपल्याला करता येईल. आज रात्री त्याची पहिली तीन मिनिटं फोन म्यूट करून पाहा. संगीत गेलं की भीतीही जाते, सुटकाही जाते. उरतं ते एक तळं, एक रस्ता आणि चौकटीबाहेर कोण आहे हा साधा प्रश्न. मग तोच प्रयोग पुढच्या ड्रोन रीलवर करा.