पंचावन्न मिनिटांचे गणित

बदलापूर ते मुंबई हे अंतर रेल्वेने ६८ किलोमीटर. पहाटेची लोकल पकडून रात्री घरी परतणाऱ्या नोकरदाराला दर दोन तासांनी थोडेथोडे खाण्याचा सल्ला दिला, तर त्याने तो पाळायचा कुठे? ऋजुता दिवेकर यांनी २००९ सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकातून हा सल्ला लोकप्रिय केला. त्याच्या अगदी उलट सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे ‘विनासायास वेटलॉस’ महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले, त्यामागे ही सोयही असावी. दोनदा जेवायचे म्हणजे एक डबा आणि एक घरचे ताट.

पद्धत थोडक्यात अशी. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, गोड कमी करायचे, प्रथिने वाढवायची आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांची, हे दीक्षित मोकळेपणाने सांगतात. हिच्यात विकत घ्यायची पावडर नाही, भरायची फी नाही. वजन घटवण्याच्या आजच्या बाजारात ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही.

आमचा आक्षेप नियमांवर नाही, त्यांच्या कारणमीमांसेवर आहे. प्रत्येक खाण्यासरशी इन्सुलिनचे एक माप सुटते, आणि ५५ मिनिटांत खाणे आटोपले तर ते एकदाच सुटते, अशी ही मांडणी. परंतु स्वादुपिंड असे मापाने काम करीत नाही. उपाशीपोटीही इन्सुलिन थोडेथोडे स्रवतच असते. दिवसभराच्या एकूण इन्सुलिनपैकी जवळजवळ निम्मे त्यातच येते. जेवणानंतर पहिल्या काही मिनिटांत एक झटपट लाट येते आणि मग रक्तातली साखर चढलेली असेपर्यंत दुसरी, संथ लाट चालू राहते. ती किती वेळ चालेल हे ताटात काय होते आणि किती होते यावर ठरते. छप्पन्नाव्या मिनिटाला शरीरात काही वेगळे घडत नाही. पुरणपोळीचे जेवण चाळीस मिनिटांत उरकले, म्हणून ते भाकरी-पिठल्याएवढे होत नाही.

मग वजन उतरते ते कशाने? चहाबरोबरची बिस्किटे, स्टेशनवरचा वडापाव, टीव्हीसमोरचा चिवडा हे सारे एका नियमाने बंद होते आणि दिवसाचे एकूण अन्न घटते. चीनमधील ग्वांगझो येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर केलेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना उष्मांकांची मर्यादा सारखीच. मात्र एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खायचे. त्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने घटले, दुसऱ्याचे ६.३ किलोने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. वेळेचे हे बंधन दीक्षितांच्या बंधनाहून निराळे आहे खरे, पण प्रश्न तोच आहे.

अमेरिकेत ६०९ जणांवर झालेला २०१८ सालचा प्रयोग आणखी बोलका आहे. स्निग्ध पदार्थ कमी करणाऱ्यांची वर्षातली घट ५.३ किलो, कर्बोदके कमी करणाऱ्यांची ६ किलो, म्हणजे जवळपास बरोबरी. पण प्रत्येक गटात कोणाचे वजन तीसएक किलोने उतरले होते, तर कोणाचे दहाएक किलोने वाढले होते. आता कल्पना करा की यातल्या फक्त पहिल्या प्रकारच्या माणसांनी सभेत उभे राहून अनुभव सांगितला. ऐकणाऱ्याच्या हाती नुसता अंश येतो, छेद येत नाही. सुरू किती जणांनी केले आणि सोडले किती जणांनी, हा प्रश्न दहावीचा विद्यार्थीही विचारू शकतो. आहाराच्या प्रत्येक व्याख्यानात त्याने तो विचारावा, असे आम्हाला वाटते.

चालण्याचा हिशेब वर्गात करून पाहण्याजोगा आहे. ताशी ६ किलोमीटर वेगाने ४५ मिनिटे चालल्यास ६० किलो वजनाच्या माणसाचे सुमारे २०० किलोकॅलरी खर्च होतात. त्यांतले पन्नासेक बसून राहिला असता तरी झालेच असते. उरले १५०. एक किलो चरबीला ७,७०० किलोकॅलरी धरल्या तर नुसत्या चालण्याने एक किलो उतरायला ५० दिवस लागतील, तेही रोजचा वडापाव वाढवला नाही तर! प्रत्यक्षात आणखी जास्त लागतात, कारण वजन घटते तसा शरीराचा खर्चही घटतो.

तरीही चालावे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो, आणि आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा हे सांगत नाही. दीक्षितांनी वजनासोबत मधुमेहाचा विचार केला, तो म्हणूनच योग्य होता.

राहिली शाळा. ही पद्धत प्रौढांसाठी आहे. घरात आईवडील दोनदा जेवतात म्हणून नववीतली मुलगी मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसू लागली, तर शिक्षकांनी ते वेळीच हेरले पाहिजे. तिची हाडे अजून वाढत आहेत. आणि शिक्षकखोलीत मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे जे कोणी असतील, त्यांनी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घेतल्याशिवाय एकही जेवण गाळू नये. त्यांच्या रक्तातली साखर एकाएकी उतरते, कधी वर्गात शिकवता शिकवताही.