कोर्टातली बाई

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घराघरांत मोठ्या श्रद्धेने सांगितली जाते. आणि ती सांगणारी मंडळीच 'तो मी नव्हेच'चा प्रयोग लागला की सहकुटुंब तिकिटे काढून तीन तास कोर्टात जाऊन बसतात! मराठी माणसाला खटला लढवणे नको असते, पाहणे मात्र मनापासून आवडते. उलटतपासणीतला डाव-प्रतिडाव, 'मिलॉर्ड'चा तो नाटकी उच्चार, साक्षीदाराची उडालेली तारांबळ, या साऱ्यांत आपण रमतो. दिवाळीच्या निवांत दुपारी, फराळाचे ताट बाजूला सारून, या आपल्या आवडीचाच थोडा हिशेब मांडावा असे मनात आले. प्रश्न अगदी साधा आहे. आपल्या नाटक-सिनेमांतल्या आणि पुस्तकांतल्या कोर्टात बाई नेमकी कुठे उभी असते?

'तो मी नव्हेच'पासूनच सुरुवात करू. आचार्य अत्र्यांचे हे नाटक 1962 साली रंगभूमीवर आले आणि प्रभाकर पणशीकरांनी लखोबा लोखंडे मराठी मनात कायमचा कोरून ठेवला. या नाटकात बायका पुष्कळ आहेत, पण त्या साऱ्या साक्षीच्या पिंजऱ्यात आहेत. लग्नाच्या नावाखाली फसवल्या गेलेल्या या बायका एकामागून एक येतात, आपली कर्मकहाणी सांगतात आणि निघून जातात. नाटकाची सारी चमक मात्र लखोबाच्या वाट्याला आली आहे. त्याच्या बेरडपणावर, त्याच्या क्षणोक्षणी पालटणाऱ्या सोंगांवर थिएटर हसून हसून लोटपोट होते. अत्र्यांच्या मनात त्या बायकांविषयी कणव नव्हती असे नव्हे. पण नाटकाची रचनाच अशी की बाईचे दुःख हा पुरावा ठरतो आणि पुरुषाची लबाडी ही करमणूक.

यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, 1967 साली, विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आले. येथे बाई साक्षीच्या पिंजऱ्यातून आरोपीच्या पिंजऱ्यात गेली. लीला बेणारे ही शाळेत शिकवणारी बाई. एका नाट्यसंस्थेबरोबर ती खेड्यात प्रयोगासाठी आलेली असते आणि रिकामा वेळ घालवायला ही मंडळी अभिरूप खटला चालवतात. गंमत म्हणून सुरू झालेला तो खेळ बघता बघता खरा होतो. आरोप भ्रूणहत्येचा. काशीकर न्यायाधीश होतात. ज्याच्याकडे अशील फिरकत नाही असा सुखात्मे सरकारी वकील होतो आणि बचावाचे वकीलपत्रही तोच घेतो! विनोद म्हणून केलेली ही सोय तेंडुलकरांनी किती भेदक करून ठेवली आहे पाहा. ज्याने आरोप करावयाचा त्यानेच बचाव करावयाचा. बेणारेच्या बाजूने बोलणारे त्या खोलीत कुणी नाहीच. आणि शेवटी भ्रूणहत्येच्या आरोपावरून सुरू झालेला खटला तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याच्या निकालावर येऊन थांबतो.

मी स्वतः शाळामास्तरीण असल्यामुळे असेल, पण हे नाटक पाहताना बेणारेपेक्षा दुसऱ्याच एका बाईकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. ती म्हणजे काशीकरांची बायको. तिच्या नवऱ्याने तिला चारचौघांत कधी धड बोलू दिलेले नाही. तोंड उघडले की टोमणा ठरलेला. अशा या बाईला नाटकभर एकदाच मोकळा आवाज सापडतो, तो बेणारेविरुद्ध! निसटू पाहणाऱ्या बेणारेला ओढून पुन्हा पिंजऱ्याकडे नेणारे हातही तिचेच. कोर्टात आणखी एक बाई असली म्हणून पिंजऱ्यातल्या बाईला न्याय मिळेलच, अशी खात्री तेंडुलकर देत नाहीत. या लेखाचा खरा प्रश्न तोच आहे, तेव्हा तो येथेच नीट टिपून ठेवू.

आता रंगमंचावरून जरा खऱ्या कोर्टात जाऊ. 1967 साली मराठी रंगभूमीच्या कोर्टात वकीलीणबाई दिसत नव्हती. खऱ्या कोर्टात मात्र तिला येऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली होती. आणि ती आली तीही सहजासहजी नव्हे. 1916 साली रेजिना गुहा यांनी कलकत्ता हायकोर्टाच्या हद्दीत वकिलीची सनद मागितली. कायद्यात लायक 'व्यक्ती'ला सनद मिळेल असे म्हटले होते. हायकोर्टाने निर्णय दिला की त्या शब्दात स्त्री येत नाही. पुढे सुधांशुबाला हाजरा यांना पाटणा हायकोर्टाकडूनही नकारच मिळाला. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात नाम, सर्वनाम, लिंग, वचन घोकून घेतो तेव्हा मुले जांभया देतात. एका शब्दाच्या अर्थावर माणसाचा अख्खा जन्म कसा अडून राहतो, हे त्यांना या दोन खटल्यांवरून सांगावे. अखेर 1923 साली वेगळा कायदाच करावा लागला, तेव्हा स्त्रीला केवळ स्त्री म्हणून वकिलीपासून दूर ठेवण्याची सोय उरली नाही.

मुंबई हायकोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर मिठन टाटा, म्हणजेच पुढच्या मिठन लाम. आपल्या पहिल्या ब्रीफची हकीकत त्यांनीच सांगून ठेवली आहे. अशिलाची बाजू भक्कम होती. कुणीही वकील दिला तरी चालण्यासारखे होते. त्याने बाईंना निवडले ते अशासाठी, की प्रतिपक्षाला एका बाईकडून हरण्याची नामुष्की सोसावी लागावी! वाचताना हसू येते आणि घशात अडकते. पुढे 1947 साली त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या. अपमानाचे हत्यार म्हणून जिला कोर्टात आणले, तिने त्याच शहरात मानाची जागा मिळवली. एवढा ऐवज हाताशी असताना एखाद्या मराठी नाटककाराला येथे पहिला अंक दिसू नये, याचे नवल वाटते.

मात्र या साऱ्यांच्या आधीची एक बाई आहे आणि तिचे माहेर आपल्या महाराष्ट्रात आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 1866 साली नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. 1892 साली ऑक्सफर्डला कायद्याची बी. सी. एल. परीक्षा देणारी पहिली स्त्री हीच. परीक्षा दिली, पण पदवी हाती पडायला आणखी तीस वर्षे लागली, कारण ऑक्सफर्ड 1920 पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हते! 1934 साली त्यांनी 'इंडिया कॉलिंग' या नावाने इंग्रजीत आत्मकथन लिहिले. वकीलबाईचे आतले जग पाहावयाचे असेल तर हे पुस्तक जरूर वाचावे.

या पुस्तकाचा पहिला गुण म्हणजे त्यातला मिस्कीलपणा. त्यांच्या सुरुवातीच्या खटल्यांपैकी एकात अशील होता चक्क एक हत्ती! संस्थानच्या राजेसाहेबांपुढे बाई बाजू मांडायला गेल्या, तर राजेसाहेबांच्या कुत्र्याला बाई आवडल्या आणि तेवढ्यावर निकाल त्यांच्या बाजूने लागला. जिंकल्याचा आनंद मानावा की युक्तिवाद ऐकलाच नाही म्हणून खंत करावी? ही बोचरी मौज लेखिकेने न बोलता वाचकापर्यंत पोचवली आहे.

दुसरा गुण अधिक मोलाचा. 1904 पासून सोराबजी यांनी बंगालकडच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन बायकांच्या कायदेशीर सल्लागार म्हणून काम केले. या बायका मोठमोठ्या इस्टेटींच्या वारसदार असत, पण परपुरुषासमोर यावयाचे नाही हा दंडक. वकील पुरुष, मॅजिस्ट्रेट पुरुष, कारभारी पुरुष! त्यामुळे कागदावर मालकीण असलेल्या बाईचा अंगठा कुणी कशावर उमटवून घेतला, हे तिलाही कळत नसे. त्या पडद्याआड जाऊन तिचे म्हणणे ऐकू शकणारी वकील ही बाईच असावी लागली. कोर्टात बाई कशाला हवी, या प्रश्नाचे याहून रोकडे उत्तर मला ठाऊक नाही. येथे शोभेचा संबंधच नाही. बाई नसती तर न्याय दारापर्यंत पोचलाच नसता.

पण टीकाकाराने आरती ओवाळून थांबावयाचे नसते. याच सोराबजीबाई ब्रिटिश राज्याच्या कट्टर अभिमानी होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. 1927 साली मिस मेयोच्या 'मदर इंडिया'ने देशभर संताप उसळला, तेव्हा त्या मेयोच्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांच्या पुस्तकातल्या पडद्याआडच्या बायका जिवंत आहेत, पण लेखिका त्यांच्याकडे पाहते ती पुष्कळदा पालकाच्या उंचीवरून. त्या बायका एक दिवस स्वतः उठतील, स्वतः मागणी करतील, ही शक्यता तिला फारशी मोहवीत नाही. म्हणूनच की काय, पूर्वज म्हणून त्या आपल्याला अडचणीच्या वाटत आल्या. नाशिक-पुण्याची ही बाई मराठी घरांत सावित्रीबाई-रमाबाईंसारखी कधी रुजली नाही. तरीही मला वाटते, 'पहिली' आली म्हणजे ती सर्वगुणसंपन्नच असली पाहिजे, हा आपला हट्ट चुकीचा आहे. पहिल्या पुरुष वकिलांचे राजकारण तपासून मग त्यांना वकील म्हणायचे, असे आपण कधी केले होते काय?

हाच धागा आपल्याला आजच्या काळातल्या एका कलाकृतीकडे नेतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट 2014 साली आला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नारायण कांबळे या वृद्ध शाहिराचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने जीव दिला, असा अजब आरोप. बचावाचे वकील व्होरा आणि सरकारी वकील नूतन. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली ही नूतन म्हणजे ज्या वकीलीणबाईची आपण इतकी वर्षे वाट पाहिली ती. ती आली, पण कशी आली?

ती जुनाट कायद्यांची कलमे एका सुरात, भाजीचा हिशेब वाचावा तशी वाचते. समोरचा म्हातारा दोषी आहे की नाही, या प्रश्नाने तिची झोप उडत नाही. मग दिग्दर्शक आपल्याला तिच्या मागोमाग कोर्टाबाहेर नेतो. लोकलमधल्या गप्पा, मुलाला घेऊन घरी येणे, पदर खोचून स्वयंपाक. व्होरांची संध्याकाळही आपण पाहतो. त्यांची संध्याकाळ त्यांची स्वतःची असते. बाजारहाट, मित्र, गाणे. एकाच कोर्टातून निघालेले हे दोन वकील. एकाचा दिवस संपतो आणि दुसरीची दुसरी पाळी सुरू होते. एकही संवाद न खर्चता हे सांगितले आहे, म्हणून ते मनाला लागते. याच चित्रपटात एका स्त्री पक्षकाराचे काम न्यायाधीश पुढे ढकलतात, कारण काय, तर तिने बिनबाह्यांचा पोशाख घातला आहे! काशीकरांची खुर्ची 1967 मध्ये खेळातली होती. 2014 च्या पडद्यावर तिला सरकारी शिक्का मिळाला आहे.

काही रसिकांना नूतन खटकली. बाई असून तिला त्या म्हाताऱ्याचा कळवळा कसा नाही, असे ते म्हणतात. मला मात्र हेच या पात्राचे यश वाटते. तेंडुलकरांनी काशीकरबाईंच्या रूपाने विचारलेला प्रश्न ताम्हाणे यांनी पुढे नेला आहे. काळा कोट अंगावर चढला म्हणजे बाई देवी होत नाही. ती त्या यंत्राचे एक चाकही होऊ शकते. सामान्य असण्याचा हक्क पुरुष वकिलाला पहिल्या दिवसापासून होता, तोच नूतनला मिळाला आहे. बरोबरीचा अर्थ काही अंशी हाही आहे, आणि तो पचवायला आपण शिकले पाहिजे.

मग बाई असल्याने काहीच फरक पडत नाही की काय? पडतो, आणि त्याचा दाखला नाटकात शोधावयास नको. 1992 साली राजस्थानात भंवरीदेवी या सरकारी कार्यक्रमात काम करणाऱ्या बाईवर बालविवाह थांबवू पाहिल्याबद्दल अत्याचार झाला. त्यातून सुप्रीम कोर्टात 'विशाखा' हा खटला उभा राहिला. कामाच्या जागी बाईचा छळ होऊ नये म्हणून 1997 साली कोर्टाने जे दंडक घालून दिले, ते देणाऱ्या तीन न्यायमूर्तींत एक होत्या सुजाता मनोहर. 1978 साली मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झालेल्या, आणि 1994 साली तेथील मुख्य न्यायाधीशपदी बसलेल्या. त्या दंडकांचा पुढे 2013 साली कायदा झाला. आज शाळेत, बँकेत, कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येक बाईच्या पाठीशी तो उभा आहे; बेणारेसारख्या शिक्षिकेच्याही. खंडपीठातल्या दोन पुरुष न्यायमूर्तींचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. पण अशा प्रश्नाचा निवाडा करणाऱ्यांत एक बाई बसलेली असणे, ही गोष्ट मला योगायोगाइतकी लहान वाटत नाही.

आणि अशा जागा किती उशिरा मिळाल्या तेही पाहा. अॅना चंडी 1959 साली केरळ हायकोर्टात न्यायाधीश झाल्या. सुप्रीम कोर्ट 1950 साली सुरू झाले, तेथे पहिली स्त्री न्यायमूर्ती, फातिमा बीवी, पोचली 1989 साली. म्हणजे एकोणचाळीस वर्षे! आपण दर खेपेला 'पहिली'चा हार घालतो, फोटो छापतो आणि घरी जातो. दुसरी, दहावी, शंभरावी कुठे अडली, हे विचारीत नाही. ती अडते ती बहुधा कायद्याच्या कलमात नव्हे, तर नूतनच्या स्वयंपाकघरात, लहान गावच्या कोर्टात धड स्वच्छतागृह नसण्यात, आणि बाईकडे मोठा खटला द्यावा की नाही या अशिलाच्या शंकेत.

आमच्या लेखक मंडळींना म्हणून एक आग्रह करावासा वाटतो. साक्षीदार बाई आपण लिहिली, आरोपी बाई लिहिली, आणि सरकारी वकील बाई पडद्यावर पाहिली. आता तालुक्याच्या कोर्टातली ती बाई लिहा, जिच्या पिशवीत वकीलपत्र आणि मुलाचे प्रगतिपुस्तक एकत्र असते, जी कधी जिंकते, कधी हरते, कधी चुकीच्या बाजूलाही उभी राहते. तिला देवी करू नका, काशीकरबाईही करू नका. आणि वाचकहो, यंदा भाऊबीजेला घरातली एखादी मुलगी वाद घालताना ऐकली, तर 'वकिलीण झालीस काय मोठी' असा टोमणा न मारता तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या. बेणारेचे म्हणणे त्या खोलीत कुणीच ऐकले नव्हते.