रव, रेडिओ आणि खर्ज : बेस गिटारीच्या ध्वनिमुद्रणासंबंधी काही विचार

विद्युत्‌वाद्यांच्या ध्वनिमुद्रणावर जे मार्गदर्शक वाङ्मय आज उपलब्ध आहे, त्यात 'रवाचे निर्मूलन' हा शब्दप्रयोग फार सैलपणे योजिला जातो. बेस गिटार ॲम्प्लिफायरला जोडावी आणि वादकाने तार छेडण्यापूर्वीच ध्वनिवर्धकातून एक अखंड घुमारा, त्यावर किरकिरीची झालर आणि क्वचित एखाद्या रेडिओ केंद्राची वार्तापत्रेही ऐकू यावीत, हा अनुभव काही दुर्मिळ नव्हे. परंतु या सर्व गोष्टी एकाच विकाराची लक्षणे आहेत असे गृहीत धरून त्यांवर एकच औषध सांगण्याची प्रथा पडली आहे. हे निदान शास्त्रदृष्ट्या चुकीचे तर आहेच. पण संगीताच्या अभ्यासकास त्याहून अधिक जाचणारी गोष्ट अशी की, रव काढण्याच्या भरात वाद्याचा आवाज किती निघून जातो याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

आधी स्वरांचाच विचार करू. बेस गिटारीची सर्वांत ढाली तार सेकंदास सुमारे ४१.२ कंपने देते. तिच्या तिसऱ्या पडद्यावर जो स्वर मिळतो त्याची कंपने ४९ आहेत. आपल्याकडील आणि युरोपातील विजेचा प्रवाह ५० कंपनांचा. म्हणजे ध्वनिमुद्रक ज्याला 'हम' म्हणतात तो घुमारा या स्वराला जवळजवळ चिकटूनच असतो, आणि दोहोंच्या संयोगाने सेकंदास एक असा हेलकावा उत्पन्न होतो. सप्तकभर वर हेच प्रमाण ९८ व १०० असे पडते आणि हेलकावे दोन होतात. अनवधानाने ऐकणारा त्याला वादकाचे आंदोलन समजेल! अमेरिकेत प्रवाह ६० कंपनांचा असल्यामुळे तो ५८.३ आणि ६१.७ या दोन स्वरांच्या मध्ये पडतो. तेथे हम बेसूर वाटतो, येथे तो सुरात असल्याचे सोंग आणतो. अशा स्थितीत ५० कंपनांवर गाळणी लावून हम 'काढणे' म्हणजे खर्जातील एक स्वर अपंग करणे होय. व्हायोलिनच्या बाबतीत ही गाळणी निरुपद्रवी असते, कारण त्या वाद्याचा मंद्रतम स्वरच मुळी १९६ कंपनांचा आहे. बेसला तोच नियम लावणाऱ्यांनी स्वर आणि रव एकाच घरात राहतात हे ध्यानी घेतलेले दिसत नाही.

तेव्हा उपाय उगमापाशीच व्हावयास हवा. फेंडर कंपनीचा १९५१ सालचा प्रिसिजन बेस एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा होता. १९५७ मध्ये त्याचे दोन भाग करण्यात आले. दोन्ही वेटोळी परस्परविरुद्ध दिशांनी जोडलेली आणि त्यांची चुंबकेही उलट ध्रुवांची. परिणामी आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र दोहोंत समान व विरुद्ध दाब उत्पन्न करते आणि ते परस्परांना मारक ठरतात; तारेचा स्वर मात्र शाबूत राहतो. १९६० च्या जॅझ बेसमध्ये दोन स्वतंत्र पिकअप आहेत. ते दोन्ही पूर्ण उघडे ठेवले तरच हा लाभ मिळतो. एक किंचित कमी केला की हम परत आलाच. वाद्याच्या पोकळीस तांब्याचा पत्रा लावण्याची शिफारस सर्वत्र आढळते. तिचा उपयोग आहे, पण ज्यासाठी ती केली जाते त्यासाठी नव्हे. ५० कंपनांचे चुंबकीय क्षेत्र तांब्यात नऊ मिलिमीटरांहून अधिक खोल शिरते. कागदासारखा पत्रा त्याला काय अडविणार? दिव्यांच्या मंदकांमुळे उठणारी किरकिर ज्या विद्युत्‌क्षेत्रातून येते, ते मात्र हा पत्रा अडवितो, मात्र तो अर्थिंगला जोडलेला असावा लागतो.

रेडिओचे प्रकरण निराळे. लाखो कंपनांची लहर कानास ऐकू येणे शक्य नाही. ती ऐकू येते याचा अर्थ ॲम्प्लिफायरमध्ये कोठेतरी तिचे एकदिशीकरण होते आहे. बहुधा पहिल्याच व्हॉल्व्हच्या ग्रिडवर किंवा पहिल्या ट्रान्झिस्टरच्या संधीवर हे घडते. वाद्याची केबल अँटेनाचे काम करते, आणि ॲम्प्लिफायर नकळत जुन्या क्रिस्टल रेडिओचा धर्म पाळू लागतो. ग्रिडच्या अगदी लगत ६८ किलोओहमचा रोधक बसविला, तर व्हॉल्व्हच्या अंगभूत धारितेशी, म्हणजे सुमारे १०० पिकोफॅरडशी, मिळून तो २३ हजार कंपनांच्या वरचे सर्व क्षीण करतो. बेसच्या स्वरास याचा स्पर्शही होत नाही. येथे 'निर्मूलन' हा शब्द खरोखर सार्थ आहे, कारण उपद्रव आणि स्वर यांच्यात कित्येक सप्तकांचे अंतर आहे. मोबाइल फोनच्या जुन्या पद्धतीतील टकटक सेकंदास २१७ वेळा येते, तिचाही मार्ग हाच. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे हा उपाय रोधकाहून स्वस्त आहे, हे सांगावयास कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नसावी.

अर्थिंगच्या वेटोळ्याविषयी मात्र थोडे कठोर बोलणे भाग आहे. ॲम्प्लिफायर एका भिंतीच्या सॉकेटला आणि मुद्रणयंत्र दुसऱ्या, दोघांनाही अर्थिंग, आणि त्यांना जोडणारी सिग्नलची केबल : इतके झाले की एक बंद वेटोळे तयार होते व त्यात हम वाहू लागतो. ॲम्प्लिफायरच्या प्लगमधील अर्थिंगची तार तोडली की हम तत्काळ थांबतो. म्हणून ही युक्ती तोंडोतोंडी पसरली आहे. ती युक्ती नव्हे, अपराध आहे. १९७२ साली स्वॉन्झी येथे गिटारवादक लेस्ली हार्वे मंचावरच, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. जे काम सिग्नलच्या वाटेवर एक लहानसा विलगकारी ट्रान्सफॉर्मर घालून किंवा दोन्ही यंत्रे एकाच सॉकेट-पट्टीवर घेऊन निर्वेधपणे होते, त्यासाठी वादकाचा जीव पणास लावण्याचे समर्थन कोणत्याही अंगाने करता येणार नाही.

मुद्रणानंतरच्या उपचारांपैकी 'गेट' हा सर्वांत लोकप्रिय. स्वर ठराविक पातळीखाली गेला की तो मार्ग बंद करतो. पण बेसचा स्वर हळूहळू विझतो. गेट त्याची शेपटी तोडते, आणि प्रत्येक स्वराबरोबर हम दचकून जागा होतो व पुन्हा निजतो. अखंड हम कान विसरू शकतो. असा उघडझाप करणारा हम विसरता येत नाही. संगणकाने रवाचा नमुना घेऊन तो वजा करण्याची पद्धत यापेक्षा सुधारलेली आहे खरी, तथापि खर्जातील मूळ अडचण तिलाही चुकत नाही.

येथे डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओचे उदाहरण अभ्यसनीय आहे. जेम्स जेमरसनची बेस गिटार तेथे मुख्यतः ॲम्प्लिफायर व माइक यांना वगळून सरळ मिश्रणफलकास जोडली जाई. रवाचे अनेक मार्ग त्यामुळे आपोआप बंद झाले, आणि स्टीव्ही वंडरच्या १९६८ च्या 'फॉर वन्स इन माय लाइफ' मधील बेसची स्पष्टता ही या पद्धतीचीच देणगी आहे असा निष्कर्ष अनेकांनी काढला आहे. तो मला अर्धवट वाटतो. जेमरसनचे वाद्य १९६२ चे प्रिसिजन, म्हणजे दुभंगलेल्या पिकअपचे; तारा सपाट वेष्टनाच्या आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या, त्यामुळे वरची चमक मुळातच मंद; पुलाच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, त्यामुळे प्रत्येक स्वर आखूड. शिवाय हा वादक मूळचा उभ्या डबल बेसचा. रवाला डोके वर काढण्यास जागा उरू नये अशी ही सारी रचना होती. तिच्यातील एकच घटक उचलून, नव्या चकचकीत तारांचे एक-वेटोळी वाद्य सरळ फलकास जोडणाऱ्यास केवळ कोरडेपणा हाती लागतो. बीटल्सच्या 'पेपरबॅक रायटर' (१९६६) साठी लंडनच्या ॲबी रोडवर याच्या उलट मार्ग धरला गेला : बेसच्या ॲम्प्लिफायरसमोर माइकऐवजी एक ध्वनिवर्धकच उलटा योजून मुद्रण झाले. तेथे ॲम्प्लिफायरने हलविलेली खोलीतील हवा हाच वाद्याचा अर्धा भाग मानला होता, आणि ते मुद्रण ऐकताना तो दावा खोटा वाटत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांच्या मुद्रणांचे परीक्षण करताना मी एक गोष्ट मागतो : वादनापूर्वीची दहा सेकंदांची नि:स्वर पट्टी, कोणतीही गाळणी न लावता. त्या पट्टीत वादकाचे काहीच नसते. पण गुंजन ५० चे आहे की १०० चे, आणि मागून कोणते केंद्र बोलते आहे, ते त्यातच ऐकू येते. स्वच्छ केलेल्या प्रतीत हा पुरावा शिल्लक राहिलेला नसतो.